३०.४ टक्के: स्क्रीन रीडरवरचा एक जुना पेपर, जालन्यात बसून वाचताना

प्रत्येक विषयात एखादा असा आकडा असतो की तो सगळे उचलतात, पण ज्या पेपरातून तो आला तो उघडून बघायचे कष्ट कोणी घेत नाही. स्क्रीन रीडरवरच्या संशोधनात हा मान ३०.४ या आकड्याचा. अंध व्यक्तींचा वेबवरचा सरासरी ३०.४ टक्के वेळ अडचणींपायी वाया जातो, हे वाक्य प्रस्तावनांमध्ये आणि प्रकल्प-अहवालांत सारखं भेटतं. मीही एका सेमिनारमध्ये ते बेधडक वापरलं होतं. मार्गदर्शकांनी एकच प्रश्न विचारला, "वाया म्हणजे नेमकं काय मोजलंय गं त्यांनी?" मला उत्तर देता आलं नाही. मी संख्याशास्त्राची विद्यार्थिनी, वर स्वतः रोज स्क्रीन रीडर वापरणारी. म्हणजे लाज दुहेरी. मग पेपर मुळापासून वाचला. आज तो तुमच्यासमोर मांडते, कारण पेपर कसा वाचावा आणि कुठे अडून बसावं हे शिकायला तो चांगला आहे. आणि दुसरं कारण लेखाच्या ओघात येईलच.

पेपर आहे जोनाथन लझार, ॲरन ॲलन, जेसन क्लाइनमन आणि ख्रिस मलार्की यांचा. साल २००७, 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ ह्यूमन-कॉम्प्युटर इंटरॅक्शन'. शीर्षकाचा सरळ अर्थ असा: स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना वेबवर कशाचा वैताग येतो, १०० अंध वापरकर्त्यांचा अभ्यास.

तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी स्क्रीन रीडर चालताना पाहिला नसेल, म्हणून आधी थोडं ते. हा पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम. माउसचा बाण कुठे आहे हेच दिसत नसेल तर माउस काय कामाचा? म्हणून सगळा कारभार कीबोर्डवर. माझ्याकडे एनव्हीडीए आहे. २००६ मध्ये मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने तो लिहायला घेतला, पुढे जेम्स तेह हा त्याचा अंध मित्र सोबत आला, आणि तो आजही फुकट आहे. कंट्रोल, आल्ट आणि एन दाबलं की सुरू होतो. वेबपानावर एच दाबलं की पुढच्या शीर्षकावर उडी, के दाबलं की पुढच्या लिंकवर, टी म्हणजे तक्ता, एफ म्हणजे अर्जातला रकाना. शिफ्ट धरून तेच अक्षर दाबलं की उलट्या दिशेने. तक्त्यात शिरल्यावर कंट्रोल, आल्ट आणि बाणाच्या कळा धरून एकेका चौकटीत फिरता येतं. इन्सर्ट आणि एफ७ दाबलं की पानावरच्या सगळ्या शीर्षकांची किंवा लिंकची यादी समोर येते; डोळस माणूस पानावर नजर फिरवतो ना, तेच काम, फक्त कानाने.

आता यातली मेख. एच दाबल्यावर रीडर जाडजूड, मोठ्या अक्षरातली ओळ शोधत नाही. तो त्या ओळीवर 'हे शीर्षक आहे' अशी खूण शोधतो. लेखकाने ओळ नुसती ठळक करून आकार १६ केला असेल तर डोळ्याला शीर्षक दिसतं, रीडरला दिसत नाही. तो सांगतो, पुढे शीर्षक नाही. दोनशे पानांचा प्रबंध, आणि शीर्षक एकही नाही! आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार. शॉर्टकट हा पोहरा आहे. आड भरायचं काम लिहिणाऱ्याचं. वेबेमने २०२३ च्या अखेरीस सुरू केलेल्या सर्वेक्षणात दीड हजारांहून जास्त स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांनी उत्तरं दिली. लांबलचक पानावर माहिती शोधायला आधी काय करता, यावर ७१.६ टक्के लोकांनी 'शीर्षकांवरून फिरतो' असं सांगितलं. एवढ्या लोकांचा पहिला डाव जर शीर्षक असेल, तर ते नसण्याची किंमत काय, हे वेगळं सांगायला नको.

या पार्श्वभूमीवर लझार आणि सहकाऱ्यांचे निष्कर्ष वाचा. १०० अंध वापरकर्त्यांनी वेळेची दैनंदिनी भरली. काम करताना जिथे वैताग आला तिथे कारण काय, किती वेळ गेला, पुढे काय केलं, अशी नोंद. कारणांत पहिला क्रमांक पानाच्या मांडणीमुळे रीडरने गोंधळात टाकणारं काहीतरी बोलण्याचा. दुसरा रीडर आणि दुसऱ्या प्रोग्रामची जुंपण्याचा. तिसरा नीट नाव न दिलेल्या रकान्यांच्या अर्जांचा. चौथा पर्यायी मजकूर नसलेल्या चित्रांचा. पाचव्या जागी तिघांची बरोबरी: फसव्या लिंक, न वाचता येणारी पीडीएफ आणि रीडर मध्येच कोसळणं. आणि शेवटी तो ३०.४.

चांगलं काय ते आधी सांगते, कारण खोड काढणं म्हणजेच समीक्षा असा आपल्याकडे एक गैरसमज आहे. या क्षेत्रात पाच-दहा जणांवर अभ्यास होतात, इथे शंभर आहेत. त्यांना प्रयोगशाळेत बोलावून ठरावीक कामं करायला लावलेली नाहीत, त्यांच्या स्वतःच्या वापराची नोंद त्यांनीच ठेवली आहे. दोष कोणाच्या पदरात घालायचा याचीही वाटणी केली आहे: पानं बनवणारे एकीकडे, रीडर बनवणारे दुसरीकडे. 'अंधांना संगणक जड जातो' अशा गुळगुळीत वाक्यापेक्षा 'अर्जाच्या रकान्याला नाव दिलेलं नाही' हे वाक्य शंभर पटीने उपयोगी, कारण त्यावर कोणीतरी उठून काहीतरी करू शकतं.

माझं भांडण इथून पुढे.

पहिलं भांडण दैनंदिनीशी. दैनंदिनीत तेच येतं जे लिहिणाऱ्याला नोंदवावंसं वाटतं. 'वैताग' हा शब्द मोजमापाचा पाया आहे आणि वैताग सवयीने बोथट होतो. माझंच बघा. एका संकेतस्थळावर लॉगिनच्या आधी प्रत्येक वेळी चाळीस-पंचेचाळीस लिंक ऐकाव्या लागतात. पहिल्या आठवड्यात मी चिडायचे. आता खालचा बाण दाबत राहते आणि मनात दुसराच विचार चालू असतो. दैनंदिनी माझ्यासमोर ठेवली तर मी ही नोंद करेन का? नाही करणार. ते मला अडचण वाटतच नाही, रस्ता वाटतो. पण तुमचे त्याच पानावर चार सेकंद जातात आणि माझी दोन मिनिटं. ही दोन मिनिटं ३०.४ मध्ये नाहीत.

हे नुसतं माझं रडगाणं नाही, याला एक पुरावा आहे आणि तो मला फार गमतीचा वाटतो. लझार यांच्याच गटाचा आधीचा एक पेपर आहे, २००४ चा, इरिना चापारू, बेन श्नाइडरमन आणि इतरांबरोबर, त्याच जर्नलमध्ये. त्यात सर्वसाधारण वापरकर्त्यांचा संगणकावरचा एक तृतीयांश ते निम्मा वेळ वैतागवाण्या प्रसंगांत वाया जातो असं निघालं. आता दोन आकडे शेजारी ठेवा. इतरांचे ३३ ते ५० टक्के, अंधांचे ३०.४. मग काय, अंध व्यक्ती सुखी? दहावीतला मुलगाही म्हणेल, काहीतरी गडबड आहे. एका अभ्यासात संगणकावरची सगळी कामं आहेत, दुसऱ्यात फक्त वेब. मधल्या काळात यंत्रं सुधारली. पण माझा मुख्य संशय मोजपट्टीवर आहे. दोन्ही ठिकाणी विचारलंय 'तुम्हाला किती वाया गेल्यासारखं वाटलं', आणि दोन गटांची 'वाया'ची व्याख्या एक नाही. ज्याला घरच्या नळाला पाणी येतं त्याला नळ अर्धा तास गेला तर संताप येतो. जालन्यात ज्यांनी उन्हाळ्यात आठ-दहा दिवसांनी येणाऱ्या पाण्यावर संसार केला त्यांना विचारा अर्ध्या तासाचं. म्हणून या दोन आकड्यांची तुलना करू नका, आणि कोणी केलेली दिसली तर तिथे पेन्सिलने खूण करा.

दुसरं भांडण: जे टाळलं ते दिसत नाही. त्याच २००७ साली जेफ्री बिगहॅम आणि सहकाऱ्यांनी 'वेबइनसिटू' नावाचा अभ्यास केला. दहा अंध, दहा डोळस, आठवडाभर, आणि नोंद माणसाने करायची नाही. मध्ये एक प्रॉक्सी बसवून कोणती पानं उघडली, काय केलं हे आपोआप टिपायचं. नमुना छोटा, पण मोजणी स्वतंत्र. त्यांना दिसलं की जिथे त्रास होणार हे माहीत आहे अशा प्रकारच्या पानांकडे अंध वापरकर्ते फिरकतच नव्हते. आता हे लझार यांच्या दैनंदिनीला लावा. जिथे मी गेलेच नाही तिथे माझा वेळ वाया गेला नाही, म्हणून तिथला तोटा शून्य. ज्या विषयातले पेपर वाचताच येत नाहीत तो विषय मी निवडलाच नाही, तर दैनंदिनीत तो तोटाही शून्य! संख्याशास्त्रात आपण दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांचं उदाहरण शिकतो, परत आलेल्या विमानांवरची भोकं मोजायची आणि न परतलेली विसरायची. अब्राहम वाल्डने तीच चूक दाखवून दिली होती. इथेही तसंच आहे, फक्त न परतलेलं विमान म्हणजे तुमच्या-माझ्या वर्गातली एखादी मुलगी.

तिसरं भांडण नाजूक आहे. कारण कोणाचं, हे वापरणाऱ्याला कळतं का? एनव्हीडीएत दोन अवस्था असतात. वाचायच्या अवस्थेत एच म्हणजे शीर्षक. रकान्यात लिहायच्या अवस्थेत एच म्हणजे एच हे अक्षर. अवस्था बदलायला इन्सर्ट आणि स्पेस. बहुतेक वेळा ती आपोआप बदलते, आणि एक बारीक 'टक' असा आवाज येतो. तो आवाज काय सांगतो हे मला कोणी शिकवलं नव्हतं. ज्या केंद्रात मी संगणक शिकले तिथे शिकवणाऱ्या सरांनी मनापासून पन्नास शॉर्टकटची यादी पाठ करून घेतली, पण अवस्था हा शब्द उच्चारला नाही. परिणाम असा की अर्जात नाव लिहायला जावं आणि कर्सर पानभर उड्या मारत सुटावा. मी सहा महिने समजत होते की सगळी संकेतस्थळं बिघडलेली आहेत. त्या काळात दैनंदिनी भरली असती तर ठोकून लिहिलं असतं, 'पानाची मांडणी गोंधळाची'. म्हणजे क्रमांक एकचं कारण आणि क्रमांक दोनचं कारण यांच्यातली भिंत पातळ आहे, आणि दोन्हींच्या खाली शिक्षणाचा अभाव हे न विचारलेलं कारण असू शकतं.

नाजूक अशासाठी की हे वाक्य लगेच उलटं वापरलं जातं. 'बघा, पानात दोष नाही, यांनाच येत नाही.' असं म्हणायचा मोह ज्यांना होईल त्यांच्यासाठी लझार यांचाच एक निष्कर्ष आहे: अंध वापरकर्ते अडचण आली की पुन्हा पुन्हा प्रयत्न करतात, सोडून देत नाहीत, संगणक बंद करून पुन्हा सुरू करत बसत नाहीत. पेपर हे कौतुकाने नोंदवतो. मला मात्र वाचताना वाटलं, सोडून देऊन जायचं कुठे? तुम्हाला एक पान आवडलं नाही तर दुसरं आहे. परीक्षेच्या अर्जाला दुसरं पान नसतं. आणि चिकाटीने घालवलेला वेळही वायाच की.

आता आपल्याकडे येऊ. २००७ चा पेपर म्हणजे अमेरिकेतले लोक, इंग्रजी वेब, आणि त्या वेळचे विकतचे महागडे रीडर, मुख्यतः जॉज आणि विंडो-आइज. एनव्हीडीए तेव्हा जेमतेम वर्षाचं बाळ होतं. शंभरांपैकी प्रत्येकाला आधीच वेब वापरता येत होतं, नाहीतर तो अभ्यासात आलाच नसता. हे सगळं उचलून अंबड, मंठा, घनसावंगीला लावायचं का? सरसकट 'लागू नाही' म्हणणंही आळशीपणाचं. एकेक कारण घेऊन बघावं लागेल.

अर्जांचंच घ्या. जालन्यात डोळस विद्यार्थीही अर्ज स्वतः भरत नाहीत. भोकरदनची मुलगी असो की परतूरचा मुलगा, पेटचा असो की शिष्यवृत्तीचा, अर्ज भरतो नेटकॅफेवाला दादा. त्याच्याकडे आपला पासवर्ड, आधार क्रमांक, ईमेल, सगळं. त्यामुळे रकान्याला नाव नसण्याचा तोटा आपल्याकडे मिनिटांत येत नाही. तो रुपयांत येतो, बसच्या तिकिटात येतो, आणि आपलं खातं दुसऱ्याच्या हातात असण्यात येतो. वेळेची दैनंदिनी यातलं काहीच पकडणार नाही. एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. एनव्हीडीएची प्रत पेनड्राइव्हवर ठेवता येते, संगणकात काही इन्स्टॉल न करता ती चालते. मी अशा प्रतीवर नेटकॅफेत बसून स्वतःचे अर्ज भरले आहेत. दादा आधी वैतागला, मग कुतूहलाने खुर्ची ओढून बसला, मग पैसे अर्धेच घेतले. काही खिडक्यांवर ही प्रत मुकी होते, तेवढं सोडलं तर माझ्यासाठी तो पेनड्राइव्ह म्हणजे घराची किल्ली.

पीडीएफ मात्र आपल्याकडे पाचव्या क्रमांकावर राहणार नाही, ती पहिल्या क्रमांकावर चढेल. तीन थरांचा त्रास आहे. पहिला, स्कॅन केलेली पानं: पानाचा फोटो, आत अक्षर एकही नाही, रीडर गप्प. दुसरा आपला खास मराठी: जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधला मजकूर. श्री-लिपी, आकृती, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फॉन्टांत पडद्यावर 'महाराष्ट्र' सुरेख दिसतो, पण आत साठवलेले असतात इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे संकेत. डोळ्याला फॉन्ट दिसतो, रीडरला संकेत. तो बिचारा अंशाचं चिन्ह, स्वल्पविराम, डोक्यावर टिंब असलेला यू असं काहीतरी वाचत सुटतो. एका मराठी प्रबंधाचं पहिलं प्रकरण मी असं पाच मिनिटं ऐकलं, या आशेने की पुढे तरी मराठी सुरू होईल. तिसरा थर युनिकोडमध्ये टाइप करूनही उरतो: पीडीएफ बनवताना वेलांटी जागेवरून सरकते, जोडाक्षर फुटतं, आणि 'विद्यापीठ' ऐकताना तोतरं होतं. लझार यांच्या यादीत यातलं दुसरं आणि तिसरं कारण असणं शक्यच नव्हतं. मराठी मजकुरावर असा अभ्यास करणाऱ्याने ही यादी जशीच्या तशी भाषांतरित करून प्रश्नावली छापली तर तिथेच घोडं पेंड खाईल.

आवाजाचंही सांगायला हवं. एनव्हीडीएबरोबर येणाऱ्या ईस्पीकमध्ये मराठी आहे. आवाज यांत्रिक, पण वेग वाढवला तरी शब्द तुटत नाहीत, म्हणून मला तो प्रिय आहे. आपल्या शास्त्राच्या मजकुरात दर दोन ओळींनी इंग्रजी संज्ञा येते आणि कान मध्येच ठेचकाळतो. हाही वेळ कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आता पेपरातलं ते वाक्य, ज्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. लेखक म्हणतात की रकान्यांची नावं, चित्रांचं वर्णन, मांडणी अशी बहुतेक कारणं दूर करणं तुलनेने सोपं आहे, पानं बनवणाऱ्यांनी लक्ष दिलं तर. तांत्रिकदृष्ट्या शंभर टक्के खरं. पण हे विधान म्हणजे एक भाकीतही आहे, आणि भाकीत तपासता येतं. वेबेम २०१९ पासून दरवर्षी दहा लाख मुख्यपृष्ठं यंत्राने तपासतं. २०१९ मध्ये ९७.८ टक्के पानांवर सुगम्यतेचे दोष सापडले, २०२५ मध्ये ९४.८ टक्के. सहा वर्षांत तीन टक्के गुण. आपल्या धंद्यातलं बघायचं तर लुसी लू वांग आणि सहकाऱ्यांनी २०१० ते २०१९ मधल्या ११,३९७ संशोधन-पेपरांच्या पीडीएफ तपासल्या. पर्यायी मजकूर, तक्त्यांची शीर्षकं, टॅग, भाषेची नोंद, टॅबचा क्रम या पाचही कसोट्यांवर उतरल्या फक्त २.४ टक्के. सोपी गोष्ट इतकी वर्षं होत नसेल तर 'सोपी' हा शब्द चुकीच्या जागी पडला आहे. ज्याला करायचं आहे त्याला ते सोपं आहे, पण न केल्याने त्याचं काहीच बिघडत नाही. अडतं दुसऱ्याचं. पेपर तांत्रिक अडचण आणि प्रोत्साहनाचा अभाव यांत फरक करत नाही, आणि मला वाटतं ही त्याची खरी उणीव आहे. २००७ मध्ये ती क्षम्य होती. आज तोच सूर लावून लिहिलेले पेपर येतात, ते नाहीत.

कायदा नाही असं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे, त्यात माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेचं कलम आहे. ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचणं हा अनुच्छेद २१ चाच भाग मानला. पण तुमच्या सिनॉप्सिसमधलं शीर्षक न्यायालय देणार नाही.

हो, आता तुमच्याकडेच आले. तुम्ही सगळे दोन-तीन वर्षांत प्रबंध लिहिणार, म्हणजे तुम्हीच ते 'पानं बनवणारे'. तुमच्या संगणकावर एनव्हीडीए घ्या आणि स्वतःचा सिनॉप्सिस वर्डमध्ये उघडा. इन्सर्ट आणि स्पेस दाबून वाचायच्या अवस्थेत जा, मग इन्सर्ट आणि एफ७. शीर्षकांची यादी रिकामी आली? येणारच. ओळीवर जाऊन कंट्रोल, आल्ट आणि १ दाबा, ते मुख्य शीर्षक झालं. २ दाबलं की उपशीर्षक. वर अनुक्रमणिका आपोआप बनते, जी आत्तापर्यंत तुम्ही टिंबं टाकून हाताने बनवत होतात (मी पण). आकृतीवर उजवी कळ दाबून पर्यायी मजकूर लिहा, आणि तिथे 'आलेख १' लिहू नका, आलेखात काय दिसतं ते एका ओळीत लिहा. पीडीएफ करताना प्रिंटच्या वाटेने जाऊ नका, त्यात सगळ्या खुणा गळून पडतात. सेव्ह ॲजमधून पीडीएफ निवडा आणि ऑप्शन्समध्ये सुगम्यतेच्या टॅगची खूण चालू आहे ना ते बघा. समीकरणांचं दुखणं मोठं आहे, त्यावर वेगळं लिहीन. तूर्त एवढंच की अर्काइव्हवर डिसेंबर २०२३ पासून बऱ्याच पेपरांची एचटीएमएल प्रत मिळते आणि मॅथकॅट हे ॲड-ऑन असेल तर तिच्यातली समीकरणं ऐकता येतात. पीडीएफमध्ये जी समीकरणं मला भाजीसारखी चिरून मिळायची ती अख्खी ऐकली तेव्हा मी एकच ओळ चारदा लावली.

एक विनंती मात्र आहे. हे करताना डोळ्यांना पट्टी बांधून 'अंधत्वाचा अनुभव' घेऊ नका. एरिएल सिल्व्हरमन आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की अशा नाटकानंतर डोळस लोक अंध व्यक्तींना आधीपेक्षा कमी सक्षम समजायला लागतात. सरळ आहे, पहिल्या दहा मिनिटांत तुम्हाला फक्त स्वतःचा गोंधळ कळतो, माझी दहा वर्षांची सवय कळत नाही.

आणि कोणाला हा अभ्यास आपल्याकडे करायचा असेल तर तो मोकळा पडलाय, घ्या. दैनंदिनी ठेवाच, पण तिच्याबरोबर यंत्राची नोंदही घ्या, म्हणजे वाटलेला वेळ आणि गेलेला वेळ वेगळे दिसतील. सरासरी देताना पसारा द्या. कारणांच्या यादीत फॉन्ट आणि वेलांटी घाला. पैशाचा रकाना ठेवा. 'कोणाची मदत घेतली' हा ठेवा. 'हे काम करायचंच टाळलं' हाही ठेवा, भरायला सगळ्यात अवघड तोच जाईल.

मी गेल्या सोमवारपासून स्वतःवर करून बघते आहे. पहिली नोंद: सकाळी ९.१०, एक ऑनलाइन अर्ज, शेवटच्या पानावर चित्रातली अक्षरं ओळखा, ऐकायची सोय नाही. २५ मिनिटं. तीनदा सत्र संपलं, तीनदा पहिल्यापासून भरलं. खर्च शून्य. मदत: धाकट्या भावाला झोपेतून उठवलं, त्याने अर्ध्या मिनिटात सहा अक्षरं सांगितली. पुढचा रकाना आहे 'सोडून दिलं का, हो की नाही'. तो अजून कोरा आहे.